कव्हरवरची गाठ

भाऊसाहेबांसारखी गाठ मारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. कचेरीत सगळेच कारकून आपलं दप्तर तांबड्या रुमालात बांधतात. चार टोकं धरायची, उलटसुलट ओढायची, झालं. भाऊसाहेब बांधायला लागले की आधी आमच्याकडे पाठ करत. खांदे थोडे हलत. मग ते बाजूला होत आणि टेबलावर गाठोडं बसलेलं दिसे. वर एक वेडीवाकडी गाठ आणि तिचे दोन कान, एक आखूड, एक लांब. पाहणाऱ्याला ती घाईत मारलेली वाटावी. सकाळी आल्यावर ते चष्मा पुसून आधी गाठ बघत, डावा कान बोटाने मोजत, "हां" म्हणत आणि मगच सोडत. हा "हां" झाल्याशिवाय निवडणूक शाखेचा दिवस सुरू होत नसे.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याची ही कचेरी. तालुक्याचं नाव सांगत नाही. कचेरी अजून तिथेच आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यात दोष कचेरीचा नव्हता.

नव्वदचं दशक उताराला लागलं होतं. मतदारयाद्या संगणकावर घ्यायचा हुकूम आला होता. नगरच्या एका खासगी संस्थेने ते काम घेतलं आणि त्या संस्थेने मला घेतलं. माझ्याजवळ बी.ए.ची पदवी, संगणकाचा एक वर्षाचा डिप्लोमा आणि वाचनालयातल्या पुस्तकांतून आलेला शहाणपणा होता. यातला डिप्लोमा तेवढा कामाचा होता.

आमच्याकडे कारकुनाला आणि तलाठ्याला सरसकट भाऊसाहेबच म्हणतात. त्यामुळे कचेरीत सात-आठ भाऊसाहेब होते. पण कुणी नुसतं "भाऊसाहेब कुठायत?" असं विचारलं, की शिपाई निवडणूक शाखेकडे बोट दाखवी. उंच, वाळका, डोक्यावर पांढरी टोपी, आणि वर्षात पंधरा दिवस पाऊस पडणाऱ्या त्या तालुक्यात बाराही महिने काखेत छत्री. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. तीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या निवडणुका काढल्या होत्या, आणि दर वेळी कामावर असल्यामुळे त्यांचं स्वतःचं मत टपालाने जाई. ते वेळेत पोचलं की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही. कुणी खोदून विचारलं, "भाऊसाहेब, या वेळी कुणाला?" तर म्हणत, "माझं मत अजून टपालात हाय. पोचल्यावर सांगतो."

मला ते 'ऑपरेटर' म्हणत. "अहो ऑपरेटर, मशीन जेवली का?" म्हणजे वीज आली का.

संगणकाच्या उद्घाटनाला जिल्ह्याहून पाहुणे आले होते. दोन तास उशिरा आले, त्यामुळे ते मोठे असल्याची सगळ्यांची खात्री पटली. नारळ फोडायला जागा नव्हती म्हणून तो खिडकीच्या गजावर फोडला. त्याचं पाणी प्रिंटरच्या कागदावर उडालं. पडद्याला कुंकवाचं बोट लागलं, कीबोर्डावर हळद पडली. पुढे महिनाभर टाइप करताना माझी बोटं पिवळी होत. पाहुण्यांनी कळ दाबली. भारनियमन चालू असल्यामुळे काहीच झालं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भाऊसाहेब माझ्या कानाशी आले. "झाली का चालू?"

"नाही. वीज नाही."

"मंग टाळ्या कशाच्या?"

"उद्घाटनाच्या."

"आसं व्हय," ते म्हणाले, आणि सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावर त्यांनी एकट्याने दोनदा वाजवल्या. पाहुण्यांनी वळून त्यांना नमस्कार केला.

मला त्या दिवशी ते फार आवडले. थाटामाटाची खिल्ली उडवणारा आपल्यासारखा आणखी एक माणूस इथे आहे असं मला वाटलं. पण त्यांना थाटाचं काही पडलेलं नव्हतं. टाळी नक्की कशाला वाजवायची, एवढंच त्यांना ठरवून घ्यायचं होतं. हा फरक कळायला मला वेळ लागला.

संगणकाच्या खोलीत सगळे चपला काढून येत. भाऊसाहेब छत्रीसुद्धा बाहेर ठेवत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्याला बांधायचं कसं?"

"बांधायचं नसतं, भाऊसाहेब. याला पासवर्ड असतो. तो माहीत असल्याशिवाय कुणाला आत जाताच येत नाही."

"किती जनांना म्हाईत हाय?"

"फक्त मला."

"आन् कुनाला कळला तर?"

"कळणारच नाही."

"न्हाई, पर समजा कळला. त्यो आला, उघडलं, काय करायचं ते करून गेला. सकाळी तुमाला कसं कळंल?"

मी म्हणालो की कळणार नाही, पण मुळात तो येऊच शकणार नाही, आणि मग मी त्यांना दहा मिनिटं संगणकाविषयी सांगितलं. नायब तहसीलदार, दोन कारकून आणि शिपाई उभे राहून ऐकत होते, त्यामुळे मी थोडं लांबवलंच. भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुलूप भल्या मानसासाठी असतं, ऑपरेटर," ते म्हणाले. "उघडनारा उघडनारच. उघडलं हे कळलं, म्हंजे झालं."

त्या दिवसापासून संध्याकाळी मी संगणक बंद करून त्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं, की भाऊसाहेब येत. कव्हराच्या खालच्या कडेला त्यांनी दोन भोकं पाडून घेतली होती. त्यातून फायलीची पांढरी नाडी ओवत, माझ्याकडे पाठ करत, खांदे हलवत आणि आपली गाठ मारत. सकाळी ती बघून त्यांनी "हां" म्हटल्याशिवाय मला कव्हर काढायला परवानगी नव्हती. आमच्या कचेरीत संगणकाला लंगोट नेसवतात, असं मी नगरला मित्रांना सांगत असे. ते हसत. मी तर सांगण्याआधीच हसत असे.

खरं तर त्या गाठीमागे इतिहास होता. मी यायच्या कितीतरी आधी, एका निवडणुकीच्या तोंडावर, एका सकाळी त्यांना डावा कान बोटभर जास्त लांब दिसला. ते कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी यादी पहिल्या गावापासून पुन्हा वाचायला घेतली. आठव्या दिवशी एका गावात तीन नावं सापडली. ती त्या गावात कुणाचीच नव्हती. रुमाल उघडून देणाऱ्या शिपायाची बदली झाली आणि भाऊसाहेबांनी स्वतःपुरता एक कायदा केला. गाठ बदलली, की यादी पुन्हा वाचायची. सगळी. मग आठ दिवस लागोत, नाहीतर महिना.

वाचायची म्हणजे डोळ्यांनी नव्हे. यादी मोठ्याने, गावात जाऊन, माणसांपुढे वाचायची. चावडीवर ते वाचन असे. ते नाव घेत आणि ज्याचं असेल त्याने "हाय" म्हणायचं. एखादा गावाला गेलेला असला तर शेजारी म्हणे, "हाय, सोनईला मुलीकडं गेलाय." एखादा टवाळ म्हणे, "हाय, पर असून नसल्यावानी." लोक हसत. भाऊसाहेब हसत नसत. "हाय म्हनलं ना? बास," असं म्हणून खूण करत आणि पुढचं नाव घेत. संगणकावर छापलेली यादी त्यांनी तशीच गावोगाव वाचली आणि मला बरोबर फिरवलं. आपण यंत्रयुगात असून आपल्याला गावंढळ हजेरी घ्यायला लावतात, असा माझा चेहरा असे.

"ऑपरेटर, कधी घोडेगावच्या बाजारात गेलाय?" एकदा त्यांनी जीपमध्ये विचारलं. "बैल इकनारा शिंगं रंगवून आनतो. आपन शिंगं बघायची न्हाईत. यादीचं बी तसंच. पयलं पान आन् शेवटचं पान समदे बघत्यात. मधलं बघावं."

मेलेल्या माणसाचं नाव कमी करायचं असलं की ते खुर्चीवरून उठत, टोपी काढून टेबलावर ठेवत, तांबड्या शाईने नावावर एक सरळ रेघ ओढत, बारीक सही करत आणि पुन्हा टोपी घालून बसत. आणि रेघ ओढण्याआधी शक्यतो त्या घरी जाऊन येत. एका म्हातारीच्या दिरानं ती मेल्याचं लिहून दिलं होतं. भाऊसाहेब गेले तर दारात तीच बसलेली. "तिनं च्या केला," ते सांगत. "मेलेल्या मानसाच्या हातचा च्या म्या पयल्यांदाच पिला. जरा गोड हुता." त्या दिराला त्यांनी काही केलं नाही. फक्त पुढच्या चावडीवाचनाला त्या म्हातारीचं नाव सर्वांत आधी घेतलं आणि तिला उभं राहून "हाय" म्हणायला लावलं.

एका गावात ते यादी दोनदा वाचत. एकदा चावडीवर आणि एकदा ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत, विहाराच्या ओट्यावर. मी विचारलं, एकाच गावाला दोनदा कशाला?

"त्यांची नावं चावडीवर वाचली तर हाय कोन म्हननार? आवाज वढ्यापलीकडं जात न्हाई."

वस्तीत वाचन झालं तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेले एक तात्या पुढे बसले होते. त्यांच्या नातीचं नाव यादीत पहिल्यांदाच आलं होतं. ती नगरला नर्सिंग शिकत होती. नाव घेतल्यावर तिने बसल्या जागी हळूच "हाय" म्हटलं.

"उठून सांग की," तात्या म्हणाले. "लगीन ठरवाया आल्यात व्हय ते?"

ती उठली आणि "हाय" म्हणाली. चांगलं खणखणीत. वस्ती हसली. भाऊसाहेबांनी खूण केली.

आता मी माझ्या मित्राकडे येतो. तो कॉलेजात माझ्या वर्गात होता. त्याचे काका तोंडावर आलेल्या निवडणुकीला उभे होते. दुपारी मोटारसायकलवरून तो कचेरीत येई, चपला काढून संगणकाच्या खोलीत बसे आणि मला सांगे की माझ्यासारखा माणूस इथे वाया चालला आहे. हे माझंही मत होतं, त्यामुळे तो मला समंजस वाटे. त्याने फ्लॉपीवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आणून दिला होता. भाऊसाहेब गावाला गेले की आम्ही तो खेळत असू.

त्याला मतदारांना वाटायच्या चिठ्ठ्या छापायच्या होत्या. नाव आणि क्रमांक लिहिलेल्या त्या चिठ्ठ्या सगळेच उमेदवार वाटतात. यादीही सगळ्यांना मिळणारच होती. त्यात चोरी कसली? दुसरा शनिवार होता, कचेरीला सुट्टी. मी नगरला घरी निघालो होतो. तो एसटी स्टँडवर आला.

"खोलीची किल्ली देऊन जा ना. मी छापून घेतो. तू कशाला तुझा दिवस घालवतोस?"

मी किल्ली दिली. मग गाडीच्या पायरीवर उभा राहून त्याला पासवर्डही सांगितला. तो माझ्या इन्स्टिट्यूटमधल्या एका मुलीचं नाव होता. ते नाव मोठ्याने उच्चारायची संधी मिळाली म्हणून मला जरा बरंच वाटलं. कंडक्टरने घंटी दिली. एवढंच झालं. ज्या गोष्टीची पुढे इतकी वर्षं लाज वाटावी, ती व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

सोमवारी मी खोलीत शिरलो तेव्हा भाऊसाहेब संगणकापुढे हात मागे बांधून उभे होते. कव्हरवर साधी, बुटाच्या लेसला मारतात तशी सुबक गाठ होती. दोन्ही कान सारखे. नायब तहसीलदार, दोन कारकून आणि शिपाई दाराशी होते. त्या दिवशी अंतिम यादी छापायची होती आणि तीन दिवसांत ती नगरला पोचवायची होती.

"ऑपरेटर, शनवारी हे कुनी उघडलं?"

मला खरं बोलायला कुणाची भीती नव्हती. मित्राची नव्हती, नोकरीचीही फारशी नव्हती. पण याच चौघांपुढे मी दहा मिनिटं भाषण केलं होतं. फक्त मला माहीत, कुणाला कळणारच नाही, असं सांगितलं होतं.

"मीच," मी म्हणालो.

"तुमी तर नगरला गेल्ता."

"जायच्या आधी. थोडं काम राहिलं होतं."

"तुमीच उघडलं ना? दुसरं कुनी न्हाई?"

"दुसरं कोण उघडणार, भाऊसाहेब? पासवर्ड फक्त मला माहीत आहे." आणि मी हसलो. हसल्यामुळे ते जास्त खरं वाटलं असणार.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं असतं, माहीत नाही म्हटलं असतं, तरी त्यांनी तारखेची पर्वा केली नसती. छत्री काखेत मारून ते पहिल्या गावाला निघाले असते. नायब तहसीलदारांना हे चांगलं माहीत होतं, आणि तेही माझ्याकडेच बघत होते, मोठ्या आशेने.

"तुमी उघडलं आसंल तर हरकत न्हाई," भाऊसाहेब म्हणाले. "हां."

तो "हां" आजवर फक्त गाठीला मिळत असे.

प्रिंटर दोन दिवस करकरत होता. प्रत्येक गावाच्या यादीच्या शेवटी 'वाचून ताडून पाहिली, बरोबर आहे' असा मजकूर होता आणि त्याखाली भाऊसाहेबांची सही. एका दुपारी त्यांनी शेकडो सह्या केल्या. त्यांनी मधलं पान पाहिलं नाही. कुणी शिंगं रंगवलीत की काय, हे माझ्या यंत्राच्या बाबतीत पाहायची त्यांना गरज वाटली नाही.

मतदानाच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जीपमध्ये होतो. अकराच्या सुमारास त्या ओढ्याच्या गावी पोचलो. मतदान शाळेत होतं. ओढ्यापलीकडची माणसं धुतलेले पांढरे कपडे घालून आली होती. ती रांगेत नव्हती, बाजूला चिंचेखाली उभी होती. भाऊसाहेब तिकडे न बघता आधी खोलीत शिरले. टेबलाशी तात्या उभे होते. त्यांनी आपलं नवं फोटोचं ओळखपत्र मतदान अधिकाऱ्यापुढे धरलं होतं.

"सायेब, ह्यो फोटू माझा हाय का न्हाई?"

"फोटो तुमचाच आहे, बाबा. पण यादीत नाव नाही."

"मंग ह्यो कोन हाय?"

अधिकारी दुसऱ्या तालुक्यातले शिक्षक होते, बिचारे घामाघूम झाले होते. त्यांनी यादी भाऊसाहेबांपुढे केली. ओढ्याअलीकडची घरं संपत होती आणि पुढच्याच ओळीला मळ्यातली घरं सुरू होत होती. मधली वस्ती नव्हती. एक्केचाळीस नावं. आणि क्रमांक मात्र सलग होते, कारण क्रमांक यंत्र आपोआप लावत असे. मधून काही काढलं तरी खाडा दिसत नाही, हे मीच एकदा सर्वांना कौतुकाने करून दाखवलं होतं. तेव्हा माझा मित्रही तिथे होता.

भाऊसाहेबांनी यादी बंद केली. डोळे मिटले आणि नावं घ्यायला सुरुवात केली. विहाराच्या ओट्यावर ज्या क्रमाने घेतली होती, त्याच क्रमाने, घर क्रमांकासकट. खिडकीतून चिंचेखालची माणसं ऐकत होती. कुणीतरी पहिलं "हाय" म्हटलं. मग दुसरं. एकही नाव चुकलं नाही. सगळी झाल्यावर ते म्हणाले, "एक्केचाळीस. समदी इथं हायती. ह्यांना मत द्या."

अधिकाऱ्यांनी शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "भाऊसाहेब, मी छापलेल्या यादीबाहेर जाऊ शकत नाही. आणि इथं सही तुमची आहे ना?"

भाऊसाहेबांनी सही पाहिली.

"हाय," ते म्हणाले.

बाहेर आलो तेव्हा तात्यांची नात पायरीशी उभी होती. ती रागावलेली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "तुम्ही माझं नाव वाचलं होतं," ती भाऊसाहेबांना म्हणाली. "मी उभी राहून हाय म्हणाले होते. म्हणून आम्ही परत यादी बघायला कुणी गेलो नाही."

भाऊसाहेबांनी टोपी काढली. मेलेल्या माणसांसाठी निघणारी ती टोपी मी जिवंत माणसांपुढे निघालेली पहिल्यांदाच पाहिली. ती हातात धरून ते मतदान संपेपर्यंत चिंचेखाली उभे राहिले. मी जीपमध्ये बसलो होतो. ड्रायव्हरने मला दोनदा विचारलं, तुम्हाला बरं नाही का?

मित्राचे काका पडले. बऱ्याच मतांनी पडले. त्या एक्केचाळीस मतांनी इकडचं तिकडे काहीही झालं नसतं. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता त्यातला एकही शब्द मला ऐकू येत नाही.

मी मित्राला गाठलं. तो स्टँडसमोरच्या हॉटेलात भजी खात होता. "मी फक्त चिठ्ठ्या छापल्या," तो म्हणाला. "बाकी तुझ्या मशीनचं तू बघ. आणि विचारलंच कुणी, तर पासवर्ड मला कुणी सांगितला तेही विचारतील हां." मग बशी माझ्याकडे सरकवत म्हणाला, "व्हायरस म्हण की लेका. तुझ्या त्या कचेरीत कुणाला काय कळतंय?"

चौकशीला नगरहून एक साहेब आले. मी व्हायरस म्हणालो. फ्लॉपीतून येतो, आत शिरतो, वाटेल ते पुसतो. हे अगदीच खोटं नव्हतं. असे व्हायरस असत, आणि आमच्या यंत्रात त्या खेळाच्या फ्लॉपीतून एखादा आलाही असेल. साहेबांनी पेन थांबवून विचारलं, "हा माणसाला होतो का?" नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं आणि त्यांनी 'यंत्रातील विषाणू' असं लिहून घेतलं.

मग भाऊसाहेबांना विचारलं, की यादी बरोबर असल्याची सही तुम्ही कशाच्या आधारावर केली? मी शेजारीच उभा होतो. गाठ बदलली होती, ऑपरेटरने मीच उघडलं असं सांगितलं, चारजण साक्षीला आहेत, असं ते म्हणू शकले असते.

"गाठ बदलल्याली म्या पायली हुती," ते म्हणाले. "तरी यादी परत वाचली न्हाई. चूक माझी हाय."

साहेबांना गाठ म्हणजे काय ते कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. भाऊसाहेबांना निवडणूक शाखेतून काढून रेकॉर्डरूममध्ये पाठवलं. तीस वर्षांनी, निवृत्तीला एक वर्ष असताना. यंत्राला काही शिक्षा करता येत नव्हती, आणि मी यंत्राच्या बाजूचा होतो.

त्यानंतर ते फक्त एकदा त्या विषयावर बोलले. व्हरांड्यात पाणी पिताना भेटले. "ऑपरेटर, तुमच्या इषानूचं मला नवल वाटतं," ते म्हणाले. "तालुक्यात येवढी गावं. गावात येवढी घरं. नेमका वढा वलांडून कसा काय गेला?" पेला उपडा घालून ते निघून गेले.

याद्यांची पुढची दुरुस्ती सुरू झाली तेव्हा रजा टाकून ते त्या वस्तीत तीन दिवस बसले. एक्केचाळीस अर्ज स्वतःच्या अक्षरात भरले. मग एका दुपारी चपला आणि छत्री बाहेर ठेवून ते माझ्या खोलीत आले. हातात तांबड्या रुमालात बांधलेले अर्ज होते.

"घ्या," ते म्हणाले. "मी वाचतो. तुमी घाला. घातलं की हाय म्हना."

त्यांनी वाचलं. मी टाइप केलं. प्रत्येक नावाला मी "हाय" म्हणालो. दहा-बारा नावांपर्यंत ते मला पोरकट वाटलं. तात्यांचं नाव गेल्यावर तसं वाटेनासं झालं. शेवटचं नाव त्यांच्या नातीचं होतं. माझा आवाज नीट उमटला नाही, म्हणून त्यांनी ते नाव पुन्हा वाचलं.

"हाय," मी म्हणालो.

त्यांनी खूण केली. मी संगणक बंद केला, कव्हर घातलं. त्यांनी नाडी उचलली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाठ केली नाही. "या शाखेत मी आता न्हाई," ते म्हणाले. "रोज यायला जमनार न्हाई. बघून घ्या." सावकाश, एकेक पेड दाखवत त्यांनी गाठ मारली, सोडली, आणि नाडी माझ्या हातात दिली.

मी बांधू लागलो. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"भाऊसाहेब, त्या शनिवारी..."

"डावा कान जरा लांब ठेवा," ते म्हणाले.

मी ठेवला. त्यांनी तो बोटाने मोजला. मग चपला घालताना, दाराकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "उघडनारा उघडनारच, ऑपरेटर. उघडलं हे कळलं, म्हंजे झालं."

छत्री काखेत मारून ते रेकॉर्डरूमकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्वांच्या आधी आलो आणि गाठ पाहिली. ती होती तशीच होती, डावा कान लांब, उजवा आखूड. मी डावा कान बोटाने मोजला. "हां" म्हणायला मात्र मला जमलं नाही.